तिंगदादाचं लाल पाकीट

फान तिंग एकटा राहतो, हे त्याच्या शेजारणीला पटायला बरेच महिने लागले. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी पुरुषाचा चढा आवाज यायचा. "आज मुळा घालतो!" "झाकण कुठं गेलं?" "राहू दे, उद्या बघू!" बाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं की आत एक गरीब बायको आहे आणि ती बिचारी तोंडातून ब्र काढत नाही. शेवटी एकदा त्या वाडगाभर सूप घेऊन गेल्या, दारातूनच घरभर नजर फिरवून आल्या आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, की बायको नाही, मुलं नाहीत, मांजरसुद्धा नाही. माणूस पातेल्याशी बोलतो. आणि असा बोलतो, जसं काही पातेलं बहिरं आहे.

पातेलं ठीक होतं. तिंगच अर्धा बहिरा झाला होता, आणि तो झाला होता नोकरीपायी. तायपेजवळच्या क्वेइशानच्या चढावर सर्व्हर बनवणारी जी कंपनी आहे, तिच्या तापवण्याच्या हॉलमध्ये त्याचं आयुष्य गेलं. माणसाहून उंच लोखंडी कपाटं, त्यात थरावर थर यंत्रं. गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी ती इथे पूर्ण जोर लावून चालवायची, तापवायची, छळायची. जे बंद पडायचं ते इथेच पडू दे, गिऱ्हाइकाच्या दारात नको. हजारो पंखे एकदम फिरायला लागले, की वादळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. सगळ्यांच्या कानांवर जाड झाकणं आणि बोलणं हातांनी. अंगठा खाली म्हणजे मेलं. दोन बोटं फिरवली म्हणजे पंखा बदल. पोटावर थाप म्हणजे जेवायला चल. तिंगदादा हातांनी इतका सुंदर बोलायचा, की नव्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. बाहेर आल्यावर मात्र कुणी त्याच्याशी फारसं बोलायच्या फंदात पडत नसे, कारण हळू आवाजात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या मजल्याला ऐकू जायचं.

त्या रस्त्यावर कंपन्या दोन. एक चढावर, एक खालच्या वळणावर. कागदावर त्यांची नावं भारदस्त आहेत, पण रस्त्यावर कुणी ती घेत नाही. एकीला वरची म्हणतात, दुसरीला खालची. एके काळी तो एकच कारखाना होता आणि त्यात संगणकाचे पडदे बनायचे. तिथे तरुण तिंग पट्ट्यावर काचा बसवायचा आणि त्याच्या शेजारी चुंग सूलान स्क्रू आवळायची. ती त्याला म्हणायची, "तुझी काच वाकडी आली, की माझा स्क्रू रडतो." तो लाजायचा आणि पुढची काच खरंच वाकडी बसवायचा. पुढे पडद्यांचं काम समुद्रापलीकडे गेलं, मालकांनी सर्व्हर धरले आणि त्याच सुमाराला मालकांचं आणि धाकट्या भागीदाराचं फाटलं. कुणी म्हणतं शेअर्सवरून, कुणी म्हणतं एका लग्नात भागीदाराला दारापाशी बसवलं म्हणून. दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते. भागीदार माणसं घेऊन खाली उतरला. सूलानचा नवरा त्याचा ड्रायव्हर होता, म्हणून सूलानही उतरली. तिंग वरच राहिला, कारण त्याला कुणी चल म्हटलंच नाही.

सुरुवातीची वर्षं गोडीत गेली. वरची मोजणारी यंत्रं करायची, खालची साठवणारी. एकीने गणित करायचं, दुसरीने ते पेटीत भरून ठेवायचं. मग अमेरिकेतल्या मोठ्या गिऱ्हाइकांना, ज्यांना इथे सगळे साहेब म्हणतात, त्यांना यंत्रं पुरेनाशी झाली. कितीही द्या, आणखी हवीत. यंत्रावर नाव साहेबाचंच, पण काम इतकं, की साठवणाऱ्यांना मोजायची हाव सुटली आणि मोजणाऱ्यांना साठवायची. दोघी एकमेकींच्या ताटात हात घालायला लागल्या. भाव पाडले. इंजिनिअर पळवले. इंजिनिअर पळवून समाधान होईना, तेव्हा वरचीने खालचीच्या कँटीनमधला आचारी पळवला, आणि खालचीच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी कामगारगीत म्हणावं तशा सुरात निषेध नोंदवला. आचारी परत गेला नाही. तो अजून वरच आहे आणि मीठ जास्त घालतो.

वळणावर भूदेव आजोबांचं, म्हणजे जागेच्या राखणदाराचं, छोटं देऊळ आहे. चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी दोन्ही कंपन्यांची माणसं फळं, बिस्किटं आणि उदबत्त्या घेऊन तिथे जातात. गाठ पडू नये म्हणून वरची सकाळी जाते आणि खालची दुपारी. दोघी एकाच साहेबाची एकच ऑर्डर मागतात. आजोबा दगडाचे आहेत म्हणून बरं.

आणि देवळासमोर यिनमावशींची टपरी. भाताच्या रुंद शेवया, वर तळलेला कांदा, डुकराचे काप, शेजारी खारवलेली मोहरीची भाजी. दोन्ही कंपन्यांचे लोक तिथेच जेवतात. तरीही साहेबाच्या करारामुळे कामगारांनी सही करून दिलेली असते, की स्पर्धक कंपनीच्या माणसाशी संबंध ठेवणार नाही. मग जेवायचं कसं? यिनमावशींनी बाकडी पाठीला पाठ लावून मांडली. चढाकडे तोंड करून वरचे बसतात, उताराकडे तोंड करून खालचे. संबंध नाही तो नाही.

सूलानचा नवरा वारला, त्यानंतर तिंग रोज त्याच एका जागी बसायला लागला. तिची पाठ बरोबर त्याच्या पाठीमागे यायची. बोलणं व्हायचं ते मावशींमार्फत.

"मावशी, मागच्या माणसाला सांगा, कॉलर आत गेलीय."

"तिंग, कॉलर," मावशी कढईवरून न बघता म्हणायच्या.

"मावशी, त्या बाईंना सांगा, पाठीला डोळे फुटल्याबद्दल अभिनंदन!" तिंग ओरडायचा, आणि अख्खी टपरी वाडग्यात तोंड घालून हसायची.

"त्यांना म्हणावं, डोळे नकोत. त्यांची घाई रस्त्यापासून ऐकू येते."

असं ते चालायचं. मुळा महागला, सूलानच्या लेकीने दक्षिणेतल्या काऊशुंगहून फोन केला, गुडघा दुखतो, असलं सगळं. मावशींनी मधे कांदा ढवळत आपलं मतही जोडावं. तिंगच्या दिवसातलं माणसाशी झालेलं बोलणं एवढंच. उरलेलं झाकणाशी आणि पातेल्याशी.

नवं वर्ष होऊन गेलं आणि एके दुपारी सूलान म्हणाली, "मावशी, मागे सांगा, मला टेक्सासला पाठवतायत."

मावशींनी झारा थांबवला. साहेबाला आता यंत्रं आपल्या घराजवळ बनवून हवी होती. खालची तिथे कारखाना घालत होती, आणि तारा ओढून बांधायचं नाजूक काम तिथल्या पोरींना शिकवायला एक मुरलेली बाई हवी होती. तीन वर्षं.

"जाणार?" मावशींनीच विचारलं. तिंगचा घास तोंडातच होता.

"होकार सोळाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायचाय. अजून सही केलेली नाही." मग ती म्हणाली, "कुणी नको म्हटलं तर विचार करीन."

हे मावशींनी मागे पोचवलं नाही. पोचवायची गरज नव्हती. त्या वेळी तिंगने घास गिळला आणि नेहमीसारखं ओरडून काहीतरी विचारायला गेला, तर त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच इतका बारीक आवाज आला, की कुणालाच ऐकू गेला नाही. तो म्हणाला होता, "तिथं भात मिळतो का?"

आता नको म्हणायचं कसं? मावशींमार्फत? अख्ख्या टपरीसमोर? दोन कंपन्यांचे कान वाडग्यात बुडालेले असताना? तिंग चार दिवस पातेल्याशी भांडला आणि मग त्याला पाकीट सुचलं.

यंत्रांच्या खोलीत काम करणाऱ्याला पाकिटाचं सांगावं लागत नाही. मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट, ज्याच्या नावाचाच अर्थ शहाण्यासारखं वाग, असा. ते प्रत्येक कपाटावर ठेवायचं म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पण हिरवंच हवं, कारण यंत्राचा हिरवा दिवा. तारीख उलटलेलं चालत नाही, यंत्र रुसतं. खायचं तर नाहीच. पिवळं पैशाच्या गल्ल्यापाशी ठेवतात. आणि लाल हे माणसांसाठी, प्रेमाबिमाच्या गोष्टींसाठी. पोरं पोरींना देतात आणि काही बोलावं लागत नाही. लाल पाकीट यंत्रांच्या हॉलमध्ये नुसतं आणलं तरी इंजिनिअर किंचाळतात, कारण लाल दिवा म्हणजे यंत्र मेलं. परदेशात शिकून आलेले जास्त.

सोळाव्या दिवशी तिंगने दोन पाकिटं घेतली. त्याच दिवशी वरचीचं कपाट साहेबाच्या तायपेतल्या प्रयोगशाळेत जायचं होतं. खालचीचंही जाणार होतं. दोन्ही समोरासमोर उभी करून दोन दिवस अखंड पळवायची आणि जे टिकेल त्याला मोठी ऑर्डर. त्या कपाटाचं हिरवं पाकीट ठेवायचा मान तिंगदादाचा. दुसरं पाकीट लाल. दुकानदारणीने वर पाहिलं आणि ओठ दाबून पुन्हा खाली पाहिलं.

देवळात त्याने दोन्ही पाकिटं उदाच्या धुरावरून तीनदा फिरवली, तशी रीतच आहे, आणि देवळाच्या पिवळ्या कागदी पिशव्यांमध्ये घातली. साहेबाच्या लोकांना यंत्रात खाऊ दिसला की ते लांबलचक पत्र पाठवतात, म्हणून हल्ली पाकीट पिशवीसकटच कपाटाच्या दाराच्या आत चिकटवतात. वर येऊन तिंगने उजव्या हातातली पिशवी चिकटवली. ट्रक गेला. डाव्या हातातली घेऊन तो टपरीवर गेला आणि मावशींच्या हातात देऊन म्हणाला, "पुढं."

सूलानने पिशवी उघडली. पाठीमागे कागद कुरकुरला, तो तिंगला त्या अर्ध्या कानानेही ऐकू आला. मावशींनी वळून पाहिलं आणि पटकन कढईत बघायला लागल्या.

"मावशी," सूलान बऱ्याच वेळाने म्हणाली, "सांगा, समजलं."

ती उठून गेली. तिंग त्या दुपारी हॉलमध्ये असा फिरत होता, की त्याचे हात गाणं म्हणत होते. समजलं! एवढं सोपं असतं हे? त्याने परतताना दोन माणसांचा मुळा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेन साहेबांनी त्याला वर बोलावलं. शेन साहेब त्याच्या विभागाचे प्रमुख. माणूस शांत, पण आज त्यांनी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"तिंगदादा, प्रयोगशाळेतून आपल्या पोराचा फोन होता. सील लागता लागता पिशवीत डोकावला तो. आत काय आहे ठाऊक आहे?"

"पाकीट."

"कुठल्या रंगाचं?"

तिंग उत्तर देणार, तेवढ्यात त्याला सगळं दिसलं. दोन हात, दोन सारख्या पिशव्या, आणि लाल भलतीकडे. शेन साहेबांना वाटलं, आपल्या रागाने माणूस पांढरा पडला.

"लाल!" ते म्हणाले. "समोर खालचीचं कपाट, त्याच्या दारात हिरवंगार पाकीट, आणि आपलं लाल! त्यांच्या पोरांनी फोटो काढले. चाचणी सुरू झाली, दाराला सील लागलं, आता हात लावता येत नाही. अहो, तीस वर्षं तुम्ही हे करताय! झालं कसं?"

कसं झालं ते सांगणं सोपं होतं. पण लाल कुणासाठी होतं, हे सांगितलं की हिरवं कुणाला गेलं, हे सांगावं लागलं असतं. खालचीच्या बाईला, चाचणीच्या दिवशी, वरचीच्या यंत्रासाठी आणलेलं पाकीट. तिंगची नोकरी गेली असतीच, पण ती निवृत्तीला टेकलेलीच होती. सूलानचं टेक्सास गेलं असतं आणि शिवाय चौकशी लागली असती.

"दुकानात हिरवं नव्हतं," तिंग म्हणाला.

"म्हणून लाल?"

"काहीच नसण्यापेक्षा बरं, वाटलं."

"लाल पाकीट बघून यंत्र कुणाच्या प्रेमात पडलं तर बंद करणार कसं, हे मला मालकांना समजावून सांगायचंय," असं म्हणून शेन साहेबांनी त्याला जायला सांगितलं.

यंत्र पडलं नाही. दोन्ही कपाटं शेवटपर्यंत धावली, एकही दिवा लाल झाला नाही. साहेबाने दोघींना अर्धी अर्धी ऑर्डर दिली. जाणकार म्हणाले, त्याने तसंच ठरवलं होतं. एक जिंकली तर दुसरी मरेल, आणि दुसरी मेली तर पहिलीला भाव पाडायला लावणार कोण? पण अर्धीसुद्धा इतकी अवाढव्य होती, की दोघींना नवे हॉल बांधावे लागले. वरचीत लाल पाकिटाची गोष्ट आता हसून सांगायला लागले, आणि काही तरुण इंजिनिअर म्हणे गुपचूप लाल पाकिटंच ठेवतात. तिंगला कुणी पुन्हा काही विचारलं नाही.

पण हे नंतरचं. चाचणीच्या त्या आठवड्यात सूलान टपरीवर येत नव्हती. तिचं तिकडच्या कामाचं शिक्षण चालू होतं. तिंग रोज त्याच जागी बसायचा, पाठीमागे कुणीतरी भलताच बसायचा आणि शेवया सुर्रकन ओढायचा. मावशी एकदा म्हणाल्या, "फोन करून टाक की." तिंग म्हणाला, "फोनवर मी ओरडतो." मावशी म्हणाल्या, "मग काय समोर कुजबुजतोस?"

आठवड्याने ती आली. उताराकडे तोंड करून बसली. तिंगने वाडगा उचलला, बाकडं वळसा घालून पलीकडे गेला आणि तिच्या समोर बसला. वरचे लोक होते, खालचेही होते. सगळ्यांनी एकदम वाडग्यांकडे असं लक्ष घातलं, जसं काही शेवयांवर छापील मजकूर आहे.

"ते हिरवं चुकून आलं," तिंग म्हणाला. त्याला वाटलं तो हळू बोलतोय. देवळातल्या उदबत्तीवालीनेही वर पाहिलं. "तुझं लाल होतं. ते कपाटात गेलं."

सूलानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. ती हसायला लागली, मग तिला ठसका लागला, मावशी पाणी घेऊन धावल्या. "म्हणजे ते लाल तुझं?" ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्याकडे सगळे आठवडाभर हसतायत त्याला! मीसुद्धा हसले."

"सही केलीस?"

"त्याच संध्याकाळी."

"सही मोडता येते. जाऊ नकोस, सूलान. हे मी विचारतोय. पाकीट नाही."

पट्ट्यावरून उठल्यापासून तिने त्याचा चेहरा असा समोरून पाहिलाच नव्हता. केस किती पांढरे झाले, हे ती बहुधा तेव्हाच मोजत होती.

"तिंग," ती म्हणाली, "मी पिशवी उघडली, आत हिरवं. म्हटलं, हा सांगतोय, जा, नीट चाल, बंद पडू नकोस. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली वाईट वाटायची. खरंच बघितली, उठले नाही लवकर. आणि मला हलकं वाटलं रे. इतकं हलकं, की मलाच लाज वाटली." तिने वाडगा जरा बाजूला सरकवला. "नवऱ्यामागून खाली उतरले. लेकीसाठी राहिले. तू नको म्हणशील म्हणून थांबणार होते. मी स्वतःहून अजून कुठंच गेले नाहीये."

तिंगने मान हलवली. हॉलमध्ये मान हलवणं म्हणजे कळलं, पुढचं कपाट लाव.

"ते पाकीट?" त्याने विचारलं.

"खाल्लं. रात्री एकटीने बसून. कुणी बघितलं नाही."

"यंत्राचं खातात का?"

"मी यंत्र आहे का?"

दोघांनी उरलेल्या शेवया खाल्ल्या. खाताना ती म्हणाली, तिकडे थंडी आहे की गरमी, कुणाला नीट माहीत नाही. तो म्हणाला, कानांवरची झाकणं इथूनच ने, तिकडची मोठ्या डोक्यांची असतील. तेवढं तो ओरडला नाही.

उठायची वेळ झाली तेव्हा सूलान म्हणाली, "स्कूटर आहे ना तुझी? सोड मला गेटपर्यंत. आता काय लपवायचं."

तो वळणाचा उतार पायी गेलं तरी लगेच संपतो. तिंगने तो स्कूटर इतकी सावकाश चालवून घालवला, की मागून ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता आणि मधे काहीतरी बोलली. वाऱ्यात त्याला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही, म्हणाला, "हो." ती पुन्हा बोलली नाही.

खालचीच्या गेटपाशी ती उतरली, पदक दाखवावं तसं गळ्यातलं ओळखपत्र पहारेकऱ्याला दाखवलं आणि आत गेली. आतल्या फाटकापाशी वळून तिने हात वर केला. तिंगनेही केला. मग ती माल चढवण्याच्या फलाटावरून दिसेनाशी झाली, तरी तो तसाच उभा होता, स्कूटर चालूच ठेवून.

पहारेकरी नवा होता. त्याला वरचीचं ओळखपत्र दिसलं, तो केबिनमधून अर्धा बाहेर आला.

"काका, कुणाला भेटायचंय?"

"कुणालाच नाही!" तिंग ओरडला, आणि ट्रक वळवतात त्या जागेत स्कूटर वळवून चढाला लागला.